विझलेल्या भट्ट्यांची दरी

इंग्लंडच्या नकाशावर बर्मिंगहॅम शोधा आणि तिथून वायव्येकडे चाळीस-पन्नास किलोमीटर सरका. वेल्सची सीमा लागण्याआधी, श्रॉपशर परगण्यात, सेव्हर्न नदी एका अरुंद घळीतून वाहताना दिसेल. घळीची लांबी जेमतेम पाच किलोमीटर. दोन्ही बाजूंचे उतार दाट झाडीने झाकलेले आहेत. मधूनमधून विटांची जुनी घरे दिसतात आणि खाली नदीवर एक जुना, कमानीचा पूल आहे. उत्तरेकडून एक ओढा येऊन नदीला मिळतो. त्या ओढ्याच्या दरीचे नाव कोलब्रुकडेल. शहरातले लोक सुट्टीच्या दिवशी शांतपणे फिरायला इथे येतात. कोणी पहिल्यांदाच आला, तर इथे निसर्गाला फारसा हात लागलेला नाही असेच त्याला वाटेल.

सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी चित्र अगदी उलटे होते. फिलिप द लूथरबर्ग या चित्रकाराने १८०१ साली 'रात्रीचे कोलब्रुकडेल' हे चित्र काढले. ते आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. चित्रातले आकाश पेटल्यासारखे दिसते. भट्ट्यांच्या धुराचे लोट नारिंगी झाले आहेत आणि समोर ओतीव लोखंडाचे पाइप विखुरलेले आहेत. त्या काळी जगातले लोखंडाचे सर्वांत पुढारलेले तंत्र पाहायला लोक युरोपभरातून या दरीत येत असत.

या लेखात आपण दोन प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत. उद्योग या दरीतच का आला, आणि मग तो इथून का गेला? पहिला प्रश्न आपल्या इतिहासाच्या आणि भूगोलाच्या पुस्तकांत असतो. दुसरा सहसा नसतो. आमच्या मते तो तितकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर पहिल्या उत्तरातच दडलेले आहे.

नदीने कापलेले थर

लोखंड बनवायला चार गोष्टी लागतात : लोहखनिज, इंधन, चुनखडी आणि भट्टीत जोराने हवा फुंकण्याची सोय. सेव्हर्नच्या घळीत या चारही गोष्टी हाताशी होत्या, आणि याचे श्रेय मुख्यतः हिमयुगाला जाते.

त्या काळी बर्फाच्या प्रचंड थरांनी नदीची उत्तरेकडची जुनी वाट अडवली. वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्याने दक्षिणेकडचा डोंगर कापून नवी वाट काढली. तीच ही घळ. केक कापल्यावर आतले थर दिसावेत तसे इथे जमिनीचे थर उघडे पडले. त्यांत सुमारे बेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा, प्रवाळांच्या जीवाश्मांनी भरलेला चुनखडक होता आणि सुमारे एकतीस कोटी वर्षांपूर्वीचे दगडी कोळशाचे थर होते. कोळशाच्या थरांच्या मधल्या चिकणमातीत लोहखनिजाचे गोटे सापडत. वरून खोल विहिरी खणण्याची गरज नव्हती. उतारावरून आडवे बोगदे मारले की कोळसा हाती लागे, आणि उतारावरूनच तो खाली नदीकाठी आणता येई.

उरली हवा. ओढ्याचे पाणी तलावात साठवायचे, ते पाणचक्कीवर सोडायचे आणि चक्कीने चामड्याचे मोठे भाते हलवायचे, अशी व्यवस्था होती. तयार मालासाठी सेव्हर्न होतीच. होड्या प्रवाहाबरोबर ब्रिस्टल बंदराकडे जात. परतताना माणसांच्या टोळ्या खांद्यावर दोर घेऊन त्या प्रवाहाविरुद्ध ओढत आणत.

लोणारी कोळसा आणि दगडी कोळसा

कोळसा एवढा जवळ असूनही शेकडो वर्षे तो लोखंडाच्या भट्टीत वापरता येत नव्हता. लोखंड गाळण्यासाठी बहुतेक ठिकाणी लाकडाचा, म्हणजे लोणारी कोळसाच वापरला जाई. आपल्या विदर्भात नागपूरजवळ नायकुंड येथे उत्खननात लोहयुगातली भट्टी सापडली. तिच्या काळापासून हीच रीत होती.

याचे कारण रसायनशास्त्रात आहे. लोहखनिजात लोखंड ऑक्सिजनशी बांधलेले असते. कोळसा जळताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू तो ऑक्सिजन ओढून घेतो. याला आपण क्षपण म्हणतो. म्हणजे भट्टीतला कोळसा केवळ उष्णता देत नाही, तो रासायनिक क्रियेतही भाग घेतो. त्यामुळे त्यात जे काही असेल ते लोखंडात उतरते. दगडी कोळशात गंधक असते. गंधक शिरलेले लोखंड तापवून ठोकू लागले की तडकते. शिवाय बराचसा दगडी कोळसा तापल्यावर मऊ होऊन चिकटतो आणि हवेची वाट बंद करतो.

जंगले संपली म्हणून इंग्लंड दगडी कोळशाकडे वळले, असे पुस्तकांत वाचायला मिळते. हे अर्धेच खरे आहे. लोखंडाच्या कारखानदारांनी राखलेल्या वनांतली झाडे बुंध्यापाशी तोडली जात आणि ती पुन्हा फुटत. खरी अडचण अशी होती की एका परिसरातून दर वर्षी ठरावीकच लाकूड मिळे, आणि लोणारी कोळसा ठिसूळ असल्याने लांबच्या प्रवासात त्याचा चुरा होई. त्याच ठिसूळपणामुळे भट्टी फार उंच बांधता येत नसे, कारण वरच्या खनिजाच्या भाराखाली कोळसा चिरडला जाई. या सगळ्यामुळे एक भट्टी वर्षाला किती लोखंड देईल, याला मर्यादा पडत होती.

१७०९ साली काय घडले?

अब्राहम डार्बी यांचा जन्म १६७८ चा. ते क्वेकर पंथाचे. तरुणपणी बर्मिंगहॅमला माल्ट दळण्याच्या गिरण्या बनवणाऱ्याकडे ते उमेदवारी करत होते. बिअरसाठी भिजवलेले बार्लीचे मोड वाळवायला दगडी कोळसा वापरला तर त्याच्या धुराने चव बिघडते. म्हणून तिथे आधी तो कोळसा हवा कोंडून भाजून घेत. असे केले की गंधकाचा काही भाग आणि इतर वायू निघून जातात व कठीण, सच्छिद्र कोक उरतो. लोखंडाच्या धंद्यात उपयोगी पडलेली ही कल्पना दारूच्या धंद्यातून आली होती. डार्बी यांनी प्रथम साधा दगडी कोळसा वापरून पाहिला, तो साधला नाही, तेव्हा त्यांनी माल्टवाल्यांप्रमाणे तो भाजून घेतला, असे त्यांच्या सुनेने, अबाया डार्बी यांनी, पुढे एका पत्रात लिहून ठेवले आहे.

त्याआधी ब्रिस्टलमध्ये ते पितळेच्या धंद्यात होते. १७०७ साली त्यांनी वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. भांड्यांसाठी स्वस्त लोखंड हवे होते. १७०८ मध्ये त्यांनी कोलब्रुकडेलची एक पडीक भट्टी भाड्याने घेतली आणि जानेवारी १७०९ मध्ये ती कोक वापरून पेटवली.

इथे नशिबाचाही भाग होता. या दरीतल्या कोळशात गंधक मुळातच कमी होते. दुसऱ्या एखाद्या दरीत हाच प्रयोग कदाचित फसला असता.

पण १७०९ ही तारीख पाठ करून थांबलो तर इतिहास कळणार नाही. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षे इंग्लंडमधल्या बहुतेक भट्ट्या लोणारी कोळशावरच चालू राहिल्या. असे का झाले, हे समजायला आपल्या स्वयंपाकघरातले दोन तवे पुरेसे आहेत. घावन घालायचा बिडाचा तवा जाड असतो आणि हातातून पडला तर फुटतो. पोळीचा लोखंडी तवा पडला तर फार तर वाकतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात तीन-चार टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते शुद्ध लोखंडापेक्षा तीनएकशे अंश कमी तापमानाला वितळते आणि साच्यात ओतता येते, पण ठोकून घडवता येत नाही. नांगराचे फाळ, खिळे, नाल, कुलपे यांसाठी घडीव लोखंड लागे, आणि बाजारात मोठी मागणी त्यालाच होती.

कोकच्या भट्टीतून निघणाऱ्या लोखंडात सिलिकॉन जास्त असे. त्यामुळे ते पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यांत छान पसरे. पातळ पत्र्याची, हलकी भांडी ओतायला ते उत्तम होते. मात्र त्याचे घडीव लोखंड करणे महाग आणि कठीण होते. डार्बी यांचा धंदा भांड्यांचा असल्याने त्यांचे चालले. लोहारांना तो माल नको होता. १७१७ मध्ये, चाळिशीही न गाठता, पहिले डार्बी वारले. घडीव लोखंडासाठी चालेल असे कोकचे लोखंड त्यांच्या मुलाने, दुसऱ्या अब्राहम डार्बी यांनी, १७५० च्या दशकात बाजारात आणले. त्यानंतर मात्र कोकच्या भट्ट्या झपाट्याने वाढल्या.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडत होती. न्यूकोमेन यांचे वाफेचे इंजिन १७१२ मध्ये खाणीतले पाणी उपसू लागले होते. त्याचे मोठे सिलिंडर आधी पितळेचे असत. कोलब्रुकडेलने ते ओतीव लोखंडाचे, म्हणजे पुष्कळ स्वस्त, करून दिले. १७४२-४३ मध्ये तर असेच एक इंजिन दरीतच बसवले गेले. उन्हाळ्यात ओढा आटला की भाते थांबत. आता चक्कीवरून खाली गेलेले पाणी इंजिनाने पुन्हा वरच्या तलावात चढवले जाऊ लागले. कोळशाने लोखंड, लोखंडाने इंजिन आणि इंजिनाने पुन्हा कोळसा व लोखंड, असे चक्र सुरू झाले.

सुतारकामाचा लोखंडी पूल

या चक्राचे सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे सेव्हर्नवरचा लोखंडी पूल. १७७९ साली तो उभा राहिला आणि १ जानेवारी १७८१ रोजी रहदारीसाठी खुला झाला. मूळ कल्पना थॉमस प्रिचर्ड या वास्तुकाराची. त्याचे १७७७ मध्ये निधन झाले. काम पुरे केले तिसऱ्या अब्राहम डार्बी यांनी. कमानीचा गाळा ३०.६ मीटर आणि वापरलेले लोखंड सुमारे ३७८ टन. इतका मोठा लोखंडी पूल त्यापूर्वी जगात कोठेही झाला नव्हता.

पुलाचे सांधे पाहण्यासारखे आहेत. त्यांत रिव्हेट नाहीत, आणि वेल्डिंग तर तेव्हा नव्हतेच. खाचेत कुसू बसवलेले आहे, पाचरी ठोकलेल्या आहेत, म्हणजे सगळी जोडणी सुताराची आहे. लोखंडाचे एवढे मोठे भाग जोडण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. मोठ्या सांगाड्यांची जोडणी जाणत होते ते लाकडात काम करणारे लोक. नवे द्रव्य हाती आले तरी माणसे सुरुवातीला ते जुन्याच पद्धतीने हाताळतात, याचे हे ठळक उदाहरण आहे. आकार मात्र नव्या द्रव्याला साजेसा निवडला होता. ओतीव लोखंड दाब चांगला सोसते, ताण सोसत नाही. कमानीत मुख्यतः दाबच असतो.

१७९५ च्या फेब्रुवारीत सेव्हर्नला मोठा पूर आला. नदीवरच्या अनेक दगडी पुलांची मोडतोड झाली. लोखंडी पुलाच्या मोकळ्या कमानीतून पाणी निघून गेले आणि पूल शाबूत राहिला. त्या पुराने या पुलाची जितकी जाहिरात केली तितकी कोणत्याही पत्रकाने केली नसती. खर्च मात्र अंदाजापेक्षा बराच वाढला होता. वाढीव बोजा तिसऱ्या डार्बी यांच्यावर पडला आणि १७८९ मध्ये ते कर्जबाजारी अवस्थेतच वारले.

पूल कसा उभारला याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन इतिहासकारांकडे नव्हते. १९९७ मध्ये स्टॉकहोममध्ये इलायस मार्टिन या स्वीडिश चित्रकाराचे एक जलरंगातले रेखाटन उजेडात आले. त्यात अर्धवट उभा पूल आणि नदीतली लाकडी परात दिसते. त्यावरून बांधणीची रीत ठरवून अर्ध्या आकाराची प्रतिकृती उभारून पाहण्यात आली. इतिहासातही गृहीतक मांडून ते प्रयोगाने तपासता येते, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

धुराखालची माणसे

डार्बींची तीन नावे आपण घेतली. ज्यांची नावे घेता येत नाहीत अशी हजारो माणसे या दरीत राबली. चिकणमातीतून लोहखनिजाचे गोटे वेचण्याचे काम बायका आणि मुली करत. त्यांना खाणीवरच्या पोरी असेच म्हटले जाई. गोट्यांच्या जड टोपल्या त्या डोक्यावरून वाहत. कोक बनवण्यासाठी कोळशाचे ढीग उघड्यावर जाळले जात आणि त्यांचा धूर घरांवरूनच जाई. स्त्रियांना, मुलींना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीच्या आत कामाला लावायचे नाही, असा कायदा व्हायला १८४२ साल उजाडले.

१८१५ मध्ये नेपोलियनची युद्धे संपली तशी लोखंडाची मागणी कोसळली. कारखानदारांनी मजुरी कापली. फेब्रुवारी १८२१ मध्ये दरीच्या उत्तरेला, काही किलोमीटरवर, ओल्ड पार्क इथे खाणकामगार जमले. त्यांनी भट्ट्या बंद पाडल्या होत्या. भट्टीतून निघालेल्या मळीच्या टेकड्यांवर ते उभे होते आणि समोर घोडेस्वार शिबंदी होती. वरून मळीचे ढेकूळ भिरकावले गेले, खालून गोळीबार झाला. दोन कामगार मेले आणि पुढे एकाला फाशी दिली गेली. इतिहासात ही घटना 'सिंडरहिलचा दंगा' म्हणून नोंदली आहे. सिंडरहिल म्हणजे मळीची टेकडी. या भागात झाडीने झाकलेल्या टेकड्या पाहताना हे लक्षात ठेवावे, की त्यांतल्या काही टेकड्या निसर्गाने नव्हे, भट्ट्यांनी घडवलेल्या आहेत.

भट्ट्या का विझल्या?

आता दुसरा प्रश्न. कोळसा, खनिज, चुनखडी आणि नदी एका ठिकाणी असणे ही या दरीची मिरास होती. जड माल लांब नेणे जोपर्यंत अवघड होते तोपर्यंतच तिला किंमत होती. आणि जड माल लांब नेणे सोपे करणारी साधने कोठे तयार होत होती? याच दरीत आणि तिच्या आसपास. १७६७ मध्ये कोलब्रुकडेलने लाकडी रुळांच्या जागी ओतीव लोखंडाचे रूळ टाकायला सुरुवात केली. १७८७ मध्ये जवळच जॉन विल्किन्सन यांनी लोखंडी होडी पाण्यात सोडली. १८०२ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिक यांनी उच्च दाबाच्या वाफेच्या इंजिनाचे प्रयोग कोलब्रुकडेललाच केले. लोखंडी रूळ आणि उच्च दाबाचे इंजिन एकत्र आले की रेल्वे होते. रेल्वेने कोळसा आणि खनिज कोठूनही कोठेही नेता येऊ लागले, तेव्हा ते एकाच दरीत असण्याचे महत्त्व उरले नाही.

मग दरीचे दोषच पुढे आले. घळ अरुंद होती, मोठ्या कारखान्यांना जागा नव्हती. वरवरचा कोळसा संपत आला होता. सेव्हर्नला उन्हाळ्यात पाणी कमी पडे आणि होड्या अडकून राहत. घळीत रेल्वे आली ती १८६० च्या दशकात, तोवर दक्षिण वेल्स आणि बर्मिंगहॅमच्या बाजूचा प्रदेश कितीतरी पुढे गेला होता. कोलब्रुकडेलचे ओतकाम चालू राहिले. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडलेले त्यांचे नक्षीदार फाटक आजही केन्सिंग्टन उद्यानात उभे आहे. पण जगाला दिशा देण्याचे दिवस सरले होते. जवळच्या ब्लिस्ट्स हिलच्या भट्ट्या १९१२ मध्ये विझल्या. कोलपोर्टचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना १९२६ मध्ये दुसरीकडे गेला. १९५२ मध्ये जॅकफील्ड इथे कोळशाच्या थरांमधली भिजलेली चिकणमाती घसरली आणि दोन डझनांहून अधिक घरे गेली. ज्या घळीने कोळसा उघडा केला होता, तिचेच उतार अजून स्थिरावलेले नव्हते.

ओसाडीने एक उपकार केला. नवे कारखाने आले नाहीत, त्यामुळे जुने अवशेष पाडले गेले नाहीत. १९५९ मध्ये डार्बी यांची भट्टी मातीतून मोकळी करून तिथे छोटे संग्रहालय सुरू झाले. १९८६ मध्ये ही घळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. कोलब्रुकडेलमधली शेवटची ओतशाळा मात्र २०१७ मध्ये बंद झाली. आज दरीत जी शांतता आहे, ती दरी उद्योगापासून दूर राहिल्यामुळे आलेली नाही. उद्योग येऊन, वाढून निघून गेल्यानंतरची ती शांतता आहे.

चांद्यापासून साकचीपर्यंत

हाच धडा आपल्याकडे वेगळ्या प्रकारे दिसतो. १८८२ साली चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर भागातल्या लोहारा येथील लोहखनिजाविषयी फॉन श्वार्त्स या जर्मन भूवैज्ञानिकाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. खनिज चांगले होते आणि वरोऱ्याची कोळशाची खाणही फार दूर नव्हती. जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. तो या कामाला योग्य नाही असे ठरले. कोळसा जवळ असून भागत नाही, तो भट्टीला चालणारा असावा लागतो.

पुढे टाटांचा कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला आणि १९१२ मध्ये तिथे पोलाद निघाले. तिथे खनिज एका दिशेने आणि झरियाचा कोळसा दुसऱ्या दिशेने रेल्वेने येई. कोलब्रुकडेलला मागे टाकणाऱ्या रेल्वेनेच साकचीला शक्य केले.

शिक्षकांसाठी एक सूचना करून थांबतो. प्रत्येक तालुक्यात बंद पडलेला एखादा उद्योग असतो : जिनिंग फॅक्टरी, तेलाचा घाणा, दगडाची खाण, कापडाचा हातमाग, चुन्याची भट्टी. विद्यार्थ्यांना तिथे न्या आणि तीन गोष्टी शोधायला सांगा. हा उद्योग इथेच का सुरू झाला? त्याला लागणारी कोणती गोष्ट पुढे दुसरीकडे स्वस्त मिळू लागली? आणि तिथे काम करणारी माणसे नंतर कोठे गेली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पुस्तकात मिळणार नाही. ते गावातल्या वृद्धांना विचारावे लागेल, आणि ते आहेत तोवरच विचारता येईल.